सीओटू मीटर: बंद जागेच्या निर्बंधांसाठी सर्वांत कामाचं यंत्र, पण डोळसपणे घ्या

महामारीत बंद जागांवर निर्बंध आले की दारावर तीन गोष्टी हमखास दिसतात: कपाळावर रोखायची थर्मल गन, सॅनिटायझरची बाटली आणि ‘५० टक्के क्षमता’ असा फलक. हवेतून पसरणाऱ्या आजारात खरा प्रश्न आतल्या हवेचा असतो आणि त्याबद्दल या तिन्हींतलं एकही काही सांगत नाही. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकत होता. त्या माणसाला ताप नसतो, त्यामुळे थर्मल गन त्याला खुशाल आत सोडते. कार्बन डायऑक्साइड (सीओटू) वायू मोजणारा तळहाताएवढा सीओटू मीटर मात्र आतले लोक एकमेकांची सोडलेली हवा किती घेत आहेत ते दर काही मिनिटांनी सांगतो. कार्यालय, शिकवणी वर्ग, जिम, सभागृह अशी जागा चालवणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र बाजारातले सगळे मीटर घेण्यालायक नाहीत आणि चांगला मीटरही चुकीच्या जागी ठेवला तर खोटा धीर देतो.

आधी आकडा वाचायचा कसा ते पाहू. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ४०,००० भाग) कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो साधारण ४२० असतो. खोलीतला आकडा १२२० झाला तर तो बाहेरच्यापेक्षा ८०० ने जास्त आहे. म्हणजेच आत घेतलेल्या दर पन्नास श्वासांतला एक श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला आहे. आठ तास त्याच खुर्चीत बसणाऱ्या कारकुनासाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. पाच मिनिटांत काम उरकून जाणाऱ्या ग्राहकाला त्याची तितकी झळ बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये वायुवीजनाबद्दल मार्गदर्शिका काढली. निवासी नसलेल्या जागांसाठी तिच्यात माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवलेली आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर सीओटू सोडतो. ०.००५ ला १० ने भागलं की ०.०००५, म्हणजे ५०० पीपीएम येतात. त्यात बाहेरचे ४२० मिळवले की ९२०. निरनिराळ्या देशांनी ठरवलेल्या काही मर्यादा याच परिसरातल्या आहेत. बेल्जियमने महामारीत खानपानगृहं आणि जिमसाठी मीटर सक्तीचा केला, तेव्हा ९०० हा आकडा धरला होता. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ८०० ची खूण दिली. ब्रिटनच्या एचएसई या कामाच्या जागांची सुरक्षितता पाहणाऱ्या संस्थेने मात्र सतत १५०० च्या वर राहणारी जागा कमी हवेशीर मानली. आमच्या मते बसून काम करण्याच्या जागेत ८०० च्या खाली निश्चिंत राहावं, ८०० ते १२०० मध्ये आणखी खिडक्या उघडाव्यात आणि १२०० च्या वर गर्दी कमी करावी.

नुसती ‘५० टक्के क्षमता’ कुठे फसते ते एका खोलीवर पाहू. २०० घनमीटरची खोली, पूर्ण क्षमता ३० जणांची. खिडक्या बंद असताना फटींतून तासाला एकदाच हवा बदलते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५६ लिटर. निर्बंध पाळून १५ जण बसवले तरी माणशी जेमतेम ३.७ लिटर हवा मिळते आणि आकडा हळूहळू १७७० च्या घरात जाऊन स्थिरावतो. तीच खोली समोरासमोरच्या खिडक्या उघडून तासाला सहा वेळा हवा बदलेल अशी केली, तर ३० च्या ३० जण बसूनही माणशी ११ लिटर मिळतात आणि आकडा ८७० च्या आसपास राहतो. क्षमतेचा नियम काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. तो खिडकीशी जोडा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

याच उदाहरणातून तपासणीतली नेहमीची चूकही कळते. बंद खोलीत १५ जण येऊन बसल्यावर २० मिनिटांनी मीटर अवघा ८०० दाखवेल. तासाभराने १२७० आणि तीन तासांनी जवळपास पूर्ण १७७०. सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा पाहून ‘सगळं ठीक’ अशी नोंद केली, तर त्या नोंदीला काही अर्थ नाही. रीडिंग घ्यायचं ते जागा भरून किमान तासभर झाल्यावर, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी एकदा हमखास.

आता खरेदी. डब्यावर ‘एनडीआयआर’ हे शब्द शोधा. सीओटू हा वायू ४.२६ मायक्रॉन लांबीचे अवरक्त किरण शोषतो आणि एनडीआयआर सेन्सर ते शोषण प्रत्यक्ष मोजतात. सेन्सएअर कंपनीचा एस८ किंवा सेन्सिरिऑन कंपनीचा एससीडी३० असा सेन्सर आत असेल तर पाया पक्का. सेन्सिरिऑनचा एससीडी४० याच तत्त्वावर ध्वनी वापरून मोजतो, तोही चालतो. यांची अचूकता साधारण अधिक-उणे ३० ते ५० पीपीएम आणि वर रीडिंगच्या ३ ते ५ टक्के अशी असते. या कामाला ती पुरेशी आहे. दोन मीटर शेजारी ठेवल्यावर ८४० आणि ९०० दाखवत असतील तर तक्रार करण्यासारखं काही नाही.

स्वस्तातल्या पुष्कळ मीटरांत मात्र सीओटूचा सेन्सरच नसतो. हवेतली इतर रसायनं टिपणारा सेन्सर असतो आणि त्यावरून अंदाजे आकडा पडद्यावर येतो. ‘ईसीओटू’ असं लिहिलेलं दिसलं तर तो मीटर हाच. ओळखायला सोपी चाचणी आहे. हाताला अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळा आणि श्वास दुसरीकडे सोडत हात मीटरपासून वीतभर अंतरावर धरा. आकडा झपकन हजार-दोन हजारांवर गेला तर मीटर परत करा. खऱ्या एनडीआयआर मीटरचा काटा अल्कोहोलने हलत नाही. मग त्याच्यावर हलकी फुंकर मारा; मिनिटा-दोन मिनिटांत आकडा भराभर चढला पाहिजे आणि मोकळ्या हवेत पुन्हा उतरला पाहिजे. दारात सॅनिटायझर आणि त्याच्याच शेजारी असला नकली मीटर ही जोडी तर सर्वांत वाईट. दिवसभर उगाच लाल दिवा लागतो आणि दोन दिवसांत लोक त्याच्याकडे बघणंच सोडतात.

दुसरी अडचण आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरचा आकडा ठरलेल्या पायाशी जुळवून घेण्याची. बरेच मीटर गेल्या साधारण आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा धरतात आणि तो बाहेरच्या हवेचा म्हणजे ४०० आहे असं समजून स्वतःला जुळवून घेतात. रात्री रिकामं होणाऱ्या कार्यालयात हे चालतं. चोवीस तास माणसं असलेल्या जागेत मात्र हवा कधीच तेवढी उतरत नाही. तिथला खरा किमान आकडा ७०० असेल तर मीटर त्यालाच ४०० म्हणू लागतो आणि पुढचा प्रत्येक आकडा सुमारे ३०० ने कमी दाखवतो. वसतिगृह, रुग्णांचा कक्ष, सुरक्षारक्षकांची खोली अशा ठिकाणी ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि महिन्यातून एकदा हाताने कॅलिब्रेशन करा. मीटर बाहेर सावलीत, रहदारीपासून दूर ठेवा. २० ते ३० मिनिटं थांबा, आकडा स्थिर झाला की कॅलिब्रेशनचं बटण दाबा आणि दाबताना मीटरवर वाकू नका, कारण तेवढ्या श्वासानेही पाया चुकतो. उंच डोंगराळ भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे २० टक्क्यांनी कमी असतो. दाबाची भरपाई न करणारा मीटर तिथे किमान तेवढाच कमी आकडा दाखवतो, म्हणून सेटिंगमध्ये उंची भरता येते का ते घेण्याआधीच पाहा.

जागा निवडताना मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून एक ते दीड मीटरवर ठेवावा. कुणाच्याही तोंडापासून तो किमान मीटरभर लांब हवा. खिडकीची कड, दार, एसीचा झोत आणि गॅसची शेगडी टाळा. खिडकीत ठेवलेला मीटर रस्त्यावरची हवा मोजतो. तपासणीच्या दिवशी तो नेमका तिथेच सरकलेला सापडतो, म्हणून एकदा जागा ठरली की दुहेरी टेपने चिकटवून टाका.

एसीबद्दल फार मोठा गैरसमज आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. एसी चालू, दारं-खिडक्या बंद आणि आकडा चढत चाललेला, हे चित्र त्यामुळेच दिसतं. एका खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. वारा अजिबात नसेल तर खिडकीची वरची आणि खालची झडप दोन्ही उघडा. गरम हवा वरून निघते आणि खालून नवी येते.

खोलीची हवा तासाला किती वेळा बदलते हेही याच मीटरने काढता येतं. माणसं बाहेर गेली की लगेच घड्याळ लावा. समजा आकडा १४२० आहे, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १००० जास्त. हे जादाचे १००० उतरून ३७० (म्हणजे ३७ टक्के) राहिले, म्हणजे मीटरवर ७९० आले, की वेळ पाहा. २० मिनिटं लागली असतील तर हवा तासाला तीन वेळा बदलते. १० मिनिटं लागली तर सहा वेळा. खिडक्या बंद ठेवून एकदा आणि उघड्या ठेवून एकदा मोजलं, की कोणत्या खिडकीने खरा फरक पडतो ते कळतं. हा मीटर घेण्याचा सर्वांत मोठा फायदा आम्हाला यातच दिसतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मीटरला विषाणू दिसत नाही. खोलीत बाधित माणूस आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही. ६०० च्या हवेत हातभर अंतरावर मास्कशिवाय गप्पा मारल्या तर धोका राहतोच. हेपा फिल्टर हवेतले विषाणूवाहक कण गाळतो, पण सीओटू तसाच सोडतो. त्यामुळे फिल्टर चालू असलेल्या खोलीत मीटर प्रत्यक्षापेक्षा वाईट चित्र दाखवतो. उलट समूहगायनाच्या खोलीत गाताना कण भरपूर बाहेर पडतात आणि सीओटू त्या मानाने कमी वाढतो, तेव्हा ८०० सुद्धा जास्तच समजा. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी सीओटू सोडतात, म्हणून बालवर्गात ९०० दिसले तर माणशी हवा १० लिटरपेक्षा कमीच आहे. जिममध्ये व्यायामामुळे आकडा पटकन चढतो. तिथे मर्यादा वाढवून देण्याचा मोह होतो, पण धापा टाकणारा माणूस कणही जास्त सोडतो, म्हणून आम्ही ती वाढवणार नाही.

वापराच्या काही गोष्टी. रंगीत दिव्यांच्या मर्यादा बऱ्याच मीटरांत १००० आणि १४०० वर लावून येतात. त्या ८०० आणि १२०० करून घ्या. पडदा आत बसणाऱ्यांच्या बाजूला ठेवा, काउंटरच्या आत नको. लाल दिवा लागला की खिडकी कोण उघडणार आणि १५ मिनिटांत आकडा उतरला नाही तर किती जणांना बाहेर थांबवायचं, हे त्या पाळीच्या एका माणसाच्या नावानिशी मीटरखाली लिहून लावा. एसी बंद करायची मुभाही त्याच माणसाला द्या.