लांब केसांच्या सशाची निगा: केस वाढू द्यावेत की आखूड राखावेत?

लांब केसांचा ससा पाळणाऱ्याला लवकरच एक निर्णय घ्यावा लागतो: त्याचे केस पूर्ण वाढू देऊन नेमाने विंचरायचे, की दर काही आठवड्यांनी कापून ते दोन-तीन सेंटिमीटरवर राखायचे. बहुतेकांना हा प्रश्न रूपाचा वाटतो. प्रत्यक्षात सशाची त्वचा, त्याचे पोट आणि उन्हाळ्यातील त्याची अवस्था या तिन्ही गोष्टी या निर्णयाशी जोडलेल्या आहेत, म्हणून दोन्ही मार्ग नीट तपासूनच एकाची निवड करावी.

आधी ससा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. इंग्लिश अंगोराच्या चेहऱ्यावर, कानांवर आणि पायांवरही केस असतात. त्याची लोकर अतिशय मऊ असल्याने ती फार लवकर गुंतते. फ्रेंच अंगोराचे तोंड आणि कान मोकळे असतात, शिवाय त्याच्या लोकरीत राठ संरक्षक केसांचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती विंचरायला सोपी जाते. फ्रेंच अंगोरा आणि नेदरलँड ड्वार्फ यांच्या संकरातून तयार झालेली जर्सी वूली ही दीड किलोच्या आसपासची छोटी जात त्याहूनही सोपी आहे. लायनहेडला मुख्यतः मानेभोवती आयाळ असते, त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रश्न तेवढ्या भागापुरताच उरतो. जर्मन अंगोराची लोकर सहसा आपोआप गळत नाही. ती ठरावीक काळाने कापावीच लागते, म्हणून तेथे निवडीला वावच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पिल्लाची लोकर प्रौढ सशाच्या लोकरीपेक्षा जास्त गुंतते, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतील त्रासावरून पुढचा अंदाज बांधू नये.

केस लांब ठेवायचे असतील तर इंग्लिश अंगोराला जवळजवळ रोज हात लावावा लागतो, इतरांना आठवड्यातून दोन-तीनदा. केस गळण्याचा काळ आला की सर्वांनाच रोज. आधी बोटांनी गाठी चाचपाव्यात, मग विरळ दातांच्या फणीने टोकांपासून मुळांकडे थोडे थोडे विंचरावे. तारांचा ब्रश वापरल्यास तो वरवरच फिरवावा, कारण सशाची पातळ त्वचा त्याने ओरबाडली जाते. लोकरीसाठी अंगोरा पाळणारे थंड हवेचा झोत सोडणारे यंत्र वापरतात. त्याने सुटे केस आणि कोंडा उडून जातो आणि केसही कमी तुटतात, मात्र त्या आवाजाची सवय सशाला सावकाश लावावी लागते. काही अंगोरांचे केस मुळापासून सुटू लागल्यावर ते बोटांनी अलगद काढूनही घेता येतात, पण ससा अंग चोरू लागला की ते सुटलेले नाहीत असे समजून तेथेच थांबावे.

या मार्गाचा धोका खंड पडण्यात आहे. काखेत, हनुवटीखाली, कानांमागे आणि शेपटीभोवती गाठी धरतात, त्या दाटून जटा होतात, जटा त्वचेला सतत ओढत राहतात आणि त्यांच्याखाली ओल साचून जखमा होतात. मागच्या भागात मूत्र किंवा मऊ लेंड्या चिकटल्या तर माश्या तेथे अंडी घालतात, आणि उष्ण हवेत त्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघून त्या जिवंत सशाचे मांस खाऊ लागतात. लांब केस राखणाऱ्याने उष्ण दिवसांत सशाचा मागचा भाग दिवसातून दोनदा पाहायलाच हवा. ही तपासणी जमणार नसेल तर केस लांब ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आखूड केसांना आठवड्यातून एकदाचे विंचरणे बहुधा पुरते. अंगोराची लोकर महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर वाढते, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी कापणी करावी लागते. येथला धोका कापण्याच्या क्षणी असतो. सशाची त्वचा पातळ आणि सैल असते. केस वर ओढले की तीही उचलली जाते आणि कात्रीत सापडते. त्यामुळे जट कात्रीने कधीच कापू नये. ती बोटांनी मोकळी करावी, अन्यथा बारीक दातांचे क्लिपर त्वचेला समांतर धरून काढावी. त्या वेळी क्लिपरचे पाते तापत नाही ना हे मधूनमधून हाताला लावून पाहावे आणि मादीच्या पोटावरील स्तनाग्रांना जपावे. सर्व अंग एकाच बैठकीत उरकण्याचा हट्ट नको. पहिली कापणी सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून करवून घेणे आणि ती जवळून पाहणे उत्तम. तळपायांचे केस मात्र कापू नयेत: सशाच्या तळव्याला कुत्र्यामांजरांसारखी गादी नसते, ते केसच टाचांना जखमांपासून वाचवतात.

काही नियम दोन्ही मार्गांना सारखेच लागू आहेत. सशाला आंघोळ घालू नये. पाण्याने गुंता घट्ट होतो, दाट लोकर लवकर वाळत नाही, अंग गार पडते आणि घाबरलेला ससा जोरात लाथ झाडताना स्वतःचा कणा मोडून घेऊ शकतो. मळलेला भाग तेवढा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. सशाला उताणे धरू नये. त्या अवस्थेत तो निपचित पडतो ते भीतीमुळे. मानेजवळ पांढरा कोंडा दिसला तर किडीची शंका घ्यावी, पण कुत्र्यामांजरांसाठी मिळणारे फिप्रोनिलयुक्त औषध लावू नये, ते सशाच्या जिवावर बेतते.

पोटाच्या बाबतीत आखूड केस थोडे उजवे ठरतात. ससा स्वतःला चाटतो आणि त्याला ओकता येत नाही, त्यामुळे गिळलेले केस लेंड्यांवाटेच बाहेर पडायला हवेत. आतड्यांची गती चांगली असेल तर ते पडतातही. ती गती टिकते ती मुख्यतः सतत मिळणाऱ्या सुक्या गवतावर. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसू लागल्या तर विंचरणे आणि गवत दोन्ही वाढवावे.

घरात पाळलेल्या आणि प्रदर्शनात न उतरणाऱ्या सशासाठी मी आखूड केसांचाच सल्ला देईन, आणि वृद्ध, स्थूल किंवा सांधे धरलेल्या सशासाठी तर आग्रहाने, कारण त्याचे तोंड मागच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. उष्ण हवेतही हाच मार्ग योग्य: ससा घामावाटे अंग थंड करू शकत नाही आणि तापमान तीस अंशांकडे गेले की त्याला उष्माघाताचा धोका असतो. थंडीत उघड्यावर राहणाऱ्या सशाचे केस मात्र कापू नयेत. ज्याला विंचरण्याची खरी आवड आहे आणि ज्याचा ससा हात लावून घेतो, त्याने फ्रेंच अंगोरा किंवा जर्सी वूलीचे केस जरूर वाढवावेत; फक्त पोट, मांड्यांची आतली बाजू आणि शेपटीभोवतीचा भाग आखूड ठेवावा. हा मधला मार्ग अनेक घरांत चांगला चालतो.

कोणताही मार्ग घेतला तरी विंचरणी किंवा कापणी झाल्यावर ससा खातो का आणि लेंड्या टाकतो का, यावर त्या दिवशी लक्ष ठेवावे. भेदरलेल्या सशाची आतडी मंदावतात. त्याने दहा-बारा तास काहीही खाल्ले नाही तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.