पाण्याच्या बाटल्या विकता विकता सॅप: ईआरपीसिमच्या वितरण-खेळाचा अनुभव

सॅप हे कंपनीची खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ईआरपी. ईआरपीसिम हा त्यावर चालणारा संगणकावरचा खेळ, आणि त्यातला वितरणाचा खेळ मी गेल्या जूनपासून खेळतेय. आधी एमबीएच्या वर्गात, नंतर सरांनी शनिवारी चालवलेल्या जादा फेऱ्यांत. आता सांगलीच्या यार्डात नवी हळद यायला लागलीय. इतक्या काळात माझं मत पक्कं झालंय, म्हणून लिहितेय. सॅपसारखं अवाढव्य सॉफ्टवेअर समजून घ्यायला यापेक्षा चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही. मात्र यातून जे शिकायला मिळतं ते स्क्रीनचं आणि कोडचं ज्ञान नव्हे. एक आकडा टाकला की तो कुठकुठपर्यंत पोचतो, ते यातून कळतं.

माझी बाजू आधी सांगते. गणपती पेठेत आमची वितरणाची एजन्सी आहे. बिस्किटं, साबण, उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या. मिरज, कुपवाड, तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतपर्यंत आमच्या गाड्या जातात. हिशेब टॅलीत, ऑर्डरी सेल्समनच्या वहीत आणि व्हॉट्सॲपवर, आणि कुठल्या दुकानाला किती उधारी द्यायची ते पप्पांच्या डोक्यात. त्यामुळे वर्गातल्या इतरांना जे नवीन होतं त्यातलं बरंच मला ओळखीचं होतं, आणि त्यांना जे सहज पटलं त्यावर मला बरेच दिवस प्रश्न पडत राहिले.

खेळ कॅनडातल्या एचईसी माँट्रियल या व्यवस्थापन संस्थेत तयार झाला. बाजार नकली, पण सॅपची प्रणाली खरी, हे त्याचं वैशिष्ट्य. प्रत्येक गट जर्मनीतली एक कंपनी चालवतो आणि बाटलीबंद पाणी विकतो. साधं पाणी, सोडा आणि लिंबाच्या चवीचा सोडा, प्रत्येकी एक लिटर आणि अर्धा लिटर, म्हणजे एकूण सहा माल. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विभाग. ग्राहक संगणकच असतो. तो ऑर्डर टाकतो, माल उचलतो, पैसे भरतो. आणि या सगळ्याच्या नोंदी खऱ्या सॅपमध्ये पडत जातात. आभासी एक दिवस जेमतेम मिनिटभराचा. आमच्या वर्गात एक फेरी वीस दिवसांची असायची, म्हणजे विचार करायला वेळ नसतोच. याच संस्थेचे आणखीही खेळ आहेत, एक न्याहारीच्या म्यूसलीच्या उत्पादनाचा आणि एक दुग्धपदार्थांच्या वाहतुकीचा, पण मी भरपूर खेळले तो वितरणाचाच.

पहिल्या फेरीत आमच्या हाती फक्त किंमत होती. सॅपमध्ये प्रत्येक कामाच्या पडद्याला एक कोड असतो. व्हीके३२ हा कोड टाकायचा, सहा मालांच्या किमती समोर येतात, त्या बदलायच्या आणि सेव्ह करायच्या. वर्गातल्या बहुतेक गटांनी पहिल्या पाच मिनिटांत किमती खाली आणल्या. एक लिटर साधं पाणी सगळ्यांत स्वस्त देणाऱ्या गटाचा साठा फेरी अर्ध्यावर यायच्या आत संपला आणि पुढचे दिवस ते नुसते पडद्याकडे बघत बसले. माल नसला की इथे ग्राहक थांबत नाही, दुसऱ्याकडे जातो. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. दुकानदाराला बिस्किटाचा पुडा मिळाला नाही तर तो उद्यापर्यंत वाट बघत नाही, शेजारच्या ब्रँडचा पुडा फळीवर लावतो. पण आमच्याकडे हे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही. खेळात दिवसवार विक्रीचा रिपोर्ट उघडला की तो शून्याचा रकाना समोर उभा राहतो.

दुसऱ्या टप्प्यात जाहिरातीचा खर्च आला. कुठल्या मालावर, कुठल्या विभागात, दिवसाला किती युरो ते ठरवायचं. इथे फार सांगण्यासारखं नाही. पैसे टाकले की विक्री वाढते, पण किती वाढते ते किमतीवरही अवलंबून असल्यामुळे दोन्ही एकदम हलवले तर कशाचा परिणाम कुठला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

तिसऱ्या टप्प्यात खरेदी आपल्या हाती येते, आणि खेळ खरा तिथे सुरू होतो.

क्रम असा. एमडी६१ मध्ये आपण विक्रीचा अंदाज टाकतो: या मालाच्या एवढ्या पेट्या जातील. मग एमडी०१ चालवायचं. त्याला सगळे एमआरपी म्हणतात, म्हणजे किती माल लागेल त्याचं गणित; बाटलीवर छापलेल्या किमतीचं एमआरपी नव्हे. ते तीन गोष्टी मांडून बघतं. अंदाज किती, गोदामात आज किती, आणि आधी मागवलेलं पण अजून न आलेलं किती. जी तूट निघेल तेवढ्या मालाची खरेदी-मागणी ते स्वतःच तयार करतं. मग एमई५९एन टाकलं की त्या मागण्यांच्या पुरवठादाराच्या नावाच्या पक्क्या खरेदी-ऑर्डरी होतात, आणि माल काही दिवसांनी गोदामात पडतो.

या तीन पायऱ्यांत माझा सर्वांत जास्त वेळ गेला आणि सर्वांत जास्त समजलंही इथेच. मागणी आणि ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी का ठेवल्यात, हे पुस्तकात वाचून मला कधी पटलं नव्हतं. खेळात ते दिसतं. अंदाज चुकला असं वाटलं तर तो कमी करून एमआरपी पुन्हा चालवा. ज्या मागण्यांची ऑर्डर झालेली नाही त्या प्रणाली स्वतः कमी करते किंवा काढून टाकते. पण एकदा एमई५९एन झालं की तो शब्द बाहेरच्या माणसाला दिलेला असतो. प्रणाली तो परस्पर मागे घेत नाही. फार तर हा माल जास्त होतोय असा इशारा देते. शेजारच्या गटाने लिंबू सोड्याचा अंदाज भरमसाट टाकला, लगेच ऑर्डरीही सोडल्या, मग अंदाज निम्म्यावर आणून एमआरपी चालवत बसले. ऑर्डरी तशाच राहिल्या, माल येत राहिला आणि रोकड बाटल्यांत अडकली. सर त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून एवढंच म्हणाले, "कागद बघा, कुठल्या पायरीवर आहात ते बघा." त्या एका वाक्यात खरेदी विभागाचं सगळं काम आलं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते. एमआरपीला अक्कल नसते, आणि नसावीच. दिलेल्या अंदाजातून ते साठा वजा करतं, येणारा माल वजा करतं आणि उरलेलं मागवतं. लोक म्हणतात सिस्टीम आली की सिस्टीम ठरवते. ठरवतो तो अंदाज टाकणारा माणूसच. आमचे दिवाणजी काका पप्पांच्याही आधीपासून पेढीवर आहेत. मी त्यांना लॅपटॉपवर हे दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, जतला यल्लम्माची जत्रा आलीया. ह्याला कोण सांगनार?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच सांगायचं. हा जो रकाना आहे ना, तो तुमच्यासाठीच आहे." त्यांना ते लगेच समजलं. जत्रेच्या आठवड्यात बिस्किटं आणि पाणी किती जादा लागतं हे त्यांना तोंडपाठ आहे. ते एमडी६१ च्या रकान्यात उतरवायचं, एवढंच.

तिसरा समृद्ध भाग हिशेबाचा. फेरी संपल्यावर आम्ही एखादी विक्रीची ऑर्डर उघडून तिचा डॉक्युमेंट फ्लो बघायचो. ऑर्डर, तिची डिलिव्हरी, तिचं बिल आणि त्या बिलाची खातेनोंद, सगळे कागद एकाखाली एक. माल गोदामातून बाहेर पडला त्या क्षणी साठ्याचं खातं कमी होतं आणि विकलेल्या मालाची किंमत खर्चात पडते. बिल निघतं तेव्हा ग्राहकाचं येणं वाढतं आणि विक्री जमेला पडते. खरेदीकडे याची उलटी बाजू. माल आला की साठा वाढतो, पण पुरवठादाराचं देणं लगेच वाढत नाही. मध्ये जीआर-आयआर नावाचं एक खातं असतं, म्हणजे माल आला पण बिल यायचंय. बिल तपासून चढवलं की ते खातं मिटतं आणि देणं उभं राहतं.

टॅलीवर वाढलेल्या माणसाला हे मधलं खातं कळणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्यासारख्या बहुतेक एजन्सींत खरेदीचं बिल हातात पडलं की एकाच एन्ट्रीत माल आणि देणं दोन्ही चढतं. गाडी शनिवारी आली आणि बिल मंगळवारी, तर मधले तीन दिवस गोदामात एक स्टॉक आणि टॅलीत दुसरा. दर मार्चअखेरीला क्लोजिंग स्टॉक जुळवताना जी ओढाताण होते तिचं एक कारण मला जर्मन पाण्याच्या कंपनीत सापडलं. टॅलीतही रिसीट नोटची, म्हणजे बिलाआधी नुसता माल आल्याची नोंद करायची, सोय आहे. ती आम्ही वापरत नव्हतो. आता वापरतो. दिवाळीपासून आलेल्या मालाची रिसीट नोट त्याच दिवशी होते, बिल नंतर तिला जोडलं जातं. खेळाने माझ्या पेढीत घडवलेला हा एकमेव पक्का बदल, आणि माझ्या दृष्टीने कोर्सची फी त्यातच वसूल झाली.

आता यात काय नाही ते. आम्ही खेळलो त्यात परत येणारा माल नव्हता, फुटलेल्या बाटल्या नव्हत्या, मुदत संपलेला माल नव्हता, दहावर एक फ्री अशी स्कीम नव्हती. जीएसटी आणि ई-वे बिल जर्मनीत कुठून असणार? न वटलेला चेक नाही. पुरवठा थोडा उशिरा येतो, पण सांगलीत पुरवठा थांबतो तेव्हा तो कसा थांबतो हे कुठल्या सिम्युलेटरला माहीत नाही. इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आम्ही किमती बघत नाही, खालचा माल वर चढवायला घेतो. ४५ फूट धोका पातळी येईपर्यंत गोदामाचा तळमजला मोकळा पाहिजे. २०१९ च्या पुरानंतर पेठेतल्या प्रत्येकाचा साठ्याचा विचार बदलला. ऑगस्टमध्ये साठा कमी ठेवायचा हा निर्णय कुठल्याही विक्रीच्या अंदाजातून निघत नाही.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची, कारण नोकरीसाठी शिकणाऱ्यांची तिथे फसगत होऊ शकते. खेळात सगळा मास्टर डेटा तयार आणि स्वच्छ मिळतो. सहा माल, त्यांचे कोड, पुरवठादार, गोदाम, खाती, सगळं आधीच मांडलेलं. प्रत्यक्षात कंपनीत ईआरपी बसवताना खरा घाम इथेच निघतो. एकच साबण तीन नावांनी नोंदलेला असतो, पेटीत नग किती यावर दोघांचं एकमत नसतं. प्रणाली कंपनीच्या गरजेनुसार मांडणं, म्हणजे कॉन्फिगरेशन, हेही खेळात नाही. म्हणून हा खेळ खेळून कुणी कन्सल्टंट होत नाही, आणि तसं सांगून कुणी फी मागत असेल तर देऊ नका. आपल्याकडची मुलं पुण्याला जाऊन मोठी रक्कम भरून एमएम (खरेदी आणि साठा), एसडी (विक्री) नाहीतर फिको (हिशेब) यातलं सॅपचं एक मॉड्यूल निवडतात, बहुतेकदा मित्राने निवडलं म्हणून. त्याआधी या खेळाच्या चार-पाच फेऱ्या मिळाल्या तर आपला ओढा खरेदीकडे आहे, विक्रीकडे की हिशेबाकडे, हे स्वतःचं स्वतःला कळतं. माझ्या गटातली एक मैत्रीण मार्केटिंग करणार म्हणत आली होती. तिसऱ्या फेरीनंतर ती कायम साठ्याच्या रिपोर्टवरच दिसायची, आणि आता तिने खरेदीची वाट धरलीय.

खेळणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. गट चौघांचा असेल तर कामं वाटून घ्या, आणि किमतीची नोंद एकानेच उघडा. सॅपमध्ये एकाने नोंद बदलायला उघडली की दुसऱ्याला तिथे कुलूप दिसतं, आणि मिनिटाचा दिवस असताना ते फार महागात पडतं. कोडच्या आधी स्लॅश ओ टाकलं की नवी खिडकी उघडते, स्लॅश एन टाकलं की आहे त्याच खिडकीत नवं काम सुरू होतं. साठ्याची आणि विक्रीची खिडकी कायम उघडी ठेवा. फेरी संपली की विक्रीचा रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवा आणि मालवार, विभागवार नफा काढा. आमच्या वर्गात जिंकलेले गट खेळताना शांत होते. त्यांचं काम दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात व्हायचं. गटात हिशेब कळणारा एक जण हवाच. काळ्या-करड्या जुन्या पडद्यांना घाबरू नका. फिओरी या सॅपच्या नव्या पडद्याच्या टाइल्सवर हाच खेळ खेळता येतो, पण मला जुनाच पडदा आवडला, कारण कोड पाठ झाले की हात आपोआप चालतो.

एकट्याने विकत घेऊन घरी खेळायची ही वस्तू नव्हे. सॅपची प्रणाली लागते, चालवणारा शिक्षक लागतो आणि समोर दुसरे गट लागतात, म्हणून ती कॉलेज किंवा प्रशिक्षण संस्थेमार्फतच मिळते. तुमच्या कॉलेजात असेल तर निवडीचा विषय म्हणून डोळे झाकून घ्या. आणि ज्या संस्थांकडे ही सोय आहे त्यांना माझी मनापासून विनंती आहे: सुट्टीच्या दिवशी एक तुकडी पेठेतल्या आणि यार्डातल्या पेढ्यांवर काम करणाऱ्यांसाठी चालवा, कोड मराठीत समजावून सांगणारा एक जण सोबत द्या. आमच्याकडून दिवाणजी काका आणि बिलिंगचा मुलगा, दोघांची नावं मी आजच देते.