व्हायरसची चाचणी की हाताशी असलेलं इंजेक्शन?

काकांना तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं झालं, तरी मानेत गाठ पुन्हा उठली. परवा नाशिकला द्वारकेजवळच्या त्यांच्या घरी फाइल पसरून बसलो होतो, तेवढ्यात मावसभावाने मोबाइल पुढे केला. "दादा, कॅन्सर मारणारा व्हायरस आलाय. पहिल्या टप्प्याची चाचणी चालू आहे म्हणे. पप्पांचं नाव घालू या?"

कल्पना मलाही आवडते. जनुकं बदललेला विषाणू कॅन्सरच्या पेशीत शिरतो. तिथला विषाणूविरोधी पहारा बऱ्याचदा ढिला असतो, म्हणून तो तिथे वाढतो आणि पेशी फोडतो. फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर सांडला की शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही शत्रू ओळखू येतो. या नुसत्या बाता नाहीत. हर्पिसच्या विषाणूपासून बनवलेल्या टी-वेक या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पण त्याच्या ४३६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीतही टिकाऊ गुण आला तो टी-वेक मिळालेल्यांपैकी १६.३ टक्के रुग्णांना.

शिवाय ते तिसऱ्या टप्प्यातलं, पारखलेलं औषध. पहिल्या टप्प्यात 'गाठ जाते का' हा मुख्य प्रश्नच नसतो. 'माणसाला किती डोस झेपतो' हा असतो. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णांना अगदी कमी डोस मिळतो, तो झेपला की पुढच्यांना वाढवून. म्हणजे लवकर नाव लागलं तर गुण येण्याइतका डोस मिळेलच असं नाही. वर ताप, थंडी, अंगदुखी, पुन्हा पुन्हा बायोप्सी आणि तपासणीच्या चकरा. आणि बहुतेक ठिकाणी रुग्ण बऱ्यापैकी हिंडताफिरता असावा अशी अट असते.

दुसरीकडे निवोलुमॅब, प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारं इंजेक्शन. पूर्ण डोस परवडणारा नाही. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या, बरा न होणाऱ्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, जोडीला कमी डोसची तोंडी औषधं. १५१ रुग्ण होते. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या तोंडी औषधांवर १६.३ टक्के, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४. हा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. थायरॉइड बिघडणं, फुप्फुसाला सूज असे त्रास यातही होऊ शकतात. तरी काकांच्या केसला लागू पडणारे आकडे हे आहेत, टी-वेकचे नाहीत.

पैशाचं एक सांगतो. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, आणि भारतातली चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडली पाहिजे. 'व्हायरस थेरपी'चं पॅकेज कोणी सांगितलं तर चपला घालायच्या.

माझा कौल असा: इंजेक्शन अजून दिलेलं नाही, तर आधी ते विचारा. तेही थकलं आणि काका चालतेफिरते असतील, तर चाचणी जरूर शोधा.

भाऊ थोडा हिरमुसला. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. सातवा महिना. टी-वेकसारखा जिवंत विषाणू टोचल्यावर ती जागा उघडी ठेवता येत नाही, गरोदर बाईने तिला किंवा ड्रेसिंगला हात लावायचा नसतो, हे मी तेव्हा सांगितलं. दोन खोल्यांचं घर. काकांनी कप खाली ठेवला. "ते इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेसने परत येता येईल ना?"