केटामाईन इन्फ्युजन: तयारी मस्त करून घेतली, नंतरची काळजी कमी पडली

गोळ्यांनी डिप्रेशन हलत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी केटामाईन सुचवलं, म्हणजे मुळात भूल द्यायचं औषध, कमी डोसमध्ये सलाईनमधून. क्लिनिकने आधी सगळी औषधं विचारली, झोपेची गोळीसुद्धा, कारण बेंझोडायझेपिन गटातल्या (झोपेच्या, घबराटीच्या काही) गोळ्यांनी केटामाईनचा असर कमी होऊ शकतो, पण मनाने काही बंद करू नका हेही बजावलं. बीपी तपासलं, केटामाईनने ते चढतं ना. पोट रिकामं हवं आणि सोबत घरचं माणूस हवंच. सलाईन साधारण 40 मिनिटं, डोळ्यांवर पट्टी, कानात शांत म्युझिक, आणि मधेच हात आपले नाहीतच असं वाटायला लागलं तेव्हा नर्सने हळूच नाव घेऊन सांगितलं की हे औषधामुळे होतंय, उतरेल, तेवढ्यानेच खूप धीर आला. मळमळीचं इंजेक्शनही तयार होतं.

खटकलं ते नंतरचं. डोळे उघडले न उघडले तोच खुर्ची रिकामी करायची घाई, पाय लटपटत होते हो! अशा वेळी पेशंटला निवांत पडू द्यायलाच हवं. रात्रभर नीट झोप झाल्याशिवाय गाडी चालवायची नाही हे मात्र कागदावर लिहून दिलं. त्या संध्याकाळी ऑफिसचे फोन, मोठे निर्णय काही नको, मनात येईल ते वहीत उतरवा आणि पुढच्या वेळी थेरपिस्टला दाखवा.