रेडॉन मीटर आणि पाइप-फॅन, ११ महिने वापरल्यावर

घेतला होता फक्त मीटर, पण रिव्ह्यू फॅनचा पण होणार आहे, कारण आकडा बघत बसून घरातला रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी गॅस) काही कमी होत नाही. मीटर ११ महिने झाले, फॅन ७.

घ्यायचं कारण आमचे बाबा. रिटायर झाल्यापासून त्यांनी तळघरातली खोली पकडलीय, शांत आहे म्हणून, वाचन तिथेच, झोप तिथेच. आणि त्यात तीस वर्षं सिगरेट ओढलेला माणूस, सोडलीय आता पण ओढलेली तर आहेच ना. मी म्हणलं बाबा, जमिनीतून एक गॅस येतो, मोजून बघू. तर म्हणे, "मला काही वास येत नाही." अहो बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे, वास नाही रंग नाही चव नाही, खोकला नाही डोकं दुखणं नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर.

थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. माती-खडकात थोडंफार युरेनियम सगळीकडेच असतं, ते फुटत फुटत रेडियम आणि मग रेडॉन. रेडॉन गॅस असल्यामुळे मातीतून सुटतो आणि कोब्याच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. श्वासात आलेला बराचसा गॅस तसाच बाहेरही जातो, पण तो फुटून जे पोलोनियम होतं ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतं आणि तिथे अल्फा किरण सोडतं. अल्फा आपल्या कातडीतून पण आत जात नाहीत, पण आतच बसून सुटले तर काय. WHO चा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की देशादेशाप्रमाणे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३ ते १४ टक्के केसेस रेडॉनमुळे, आणि हवेतल्या दर १०० बेकरेलमागे (किरणोत्सर्ग मोजायचं एकक, मीटरचे आकडे त्यातच) धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. सिगरेट ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा रेडॉनचा २५ पट धोका. हे शेवटचं वाचून मी त्याच रात्री मीटर ऑर्डर केला.

आता मीटर. पहिला दिवस स्क्रीनवर नुसत्या रेघा, मला वाटलं पीस खराब आला, पण आत एकेक अल्फा मोजला जातो त्यामुळे आकडा जमायला वेळ लागतो, रिटर्न करायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी ९०. खूश! चौथ्या दिवशी ४१०. मग जी काय धावपळ केली मी, खिडक्या उघड्या, बाबांची गादी वर, बाबा वैतागलेले. सहाव्या दिवशी १६०. आत्ता हसू येतं, कारण हा आकडा पाऊस, वारा, हवेचा दाब, थंडी, सगळ्यावर नाचतो, रात्री बहुतेक वाढतो, आणि मी रोज सकाळी उठून वजनकाट्यासारखं बघत होते. रोजचा आकडा बघूच नका. सरासरी बघा, तीही निदान दोन-तीन महिन्यांची. आमची तळघरात आली २८४, वरच्या मजल्यावर १२०. (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, म्हणजे एका घनमीटर हवेत सेकंदाला २८४.) WHO म्हणतं १०० च्या खाली ठेवा, नाहीच जमलं तर ३०० च्या वर तरी नको. अमेरिकेत लिटरमागे ४ पिकोक्युरी (तिकडचं एकक), म्हणजे आपल्या १४८ च्या वर गेलं की दुरुस्ती करा म्हणतात. नवरा म्हणाला ३०० च्या आत आहे की. मी म्हणलं २८४ ला पास म्हणायचं असेल तर मीटर घेतलाच कशाला.

खिडकीचा प्रयोग सगळेच करतात, आम्ही पण केला. उघडली की तासाभरात घसरायला लागतो, बंद करून झोपा, सकाळी परत जैसे थे. आणि गंमत म्हणजे फक्त वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर एकदोनदा तळघरात वाढलाच, कारण गरम हवा वरून निघून जाते आणि तेवढीच खालून जमिनीतून ओढली जाते. एअर प्युरिफायर पण लावून बघितला, आकडा ढिम्म. तो धूळ पकडतो, धुळीला चिकटलेलं थोडंफार पकडत असेल, पण गॅस कसा पकडणार, तो येतच राहतो.

मग भेगा बुजवल्या. दोन रविवार गुडघ्यावर बसून सीलंट भरलं, भिंत आणि जमिनीचा सांधा, पाण्याच्या खड्ड्यावर घट्ट झाकण, सगळं. २५१. म्हणजे पाठ दुखून ३३ कमी, आणि तेही हवामानामुळे असेल. पण वाया नाही गेलं, फटी बंद नसत्या तर पुढे फॅनने घरातलीच हवा ओढली असती.

फॅनची आयडिया साधी आहे. घर जमिनीतून हवा ओढतं, तर आपण कोब्याखालून आधीच ओढून घ्यायची आणि पाइपने छपराच्या वर सोडायची. कोब्याला भोक, खाली छोटा खड्डा, पाइप, फॅन, बास. आमचा माणूस फॅन तळघरातच बसवायला निघाला होता, म्हणे मेंटेनन्सला सोपं. तिथे मी हटून बसले. फॅनच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो, कुठे जॉइंट लीक झाला तर एकवटलेला रेडॉन सरळ घरात, म्हणून फॅन राहत्या जागेच्या बाहेरच पाहिजे. शेवटी बाहेरच्या भिंतीवर लागला.

पहिल्या भोकाने १४० पर्यंतच आला. खाली माती चिकट निघाली, ओढ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हती. हे आधी तपासता येतं, एका बाजूने ओढायचं आणि दुसऱ्या टोकाला बारीक भोकावर धूर धरून आत जातो का बघायचं, पण आमच्याकडे नाही केलं आणि मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरं भोक पाडलं, दोन दिवसांत ४५. सात महिन्यांची सरासरी ३६, वर २२.

तक्रारी आहेतच. फॅनची घरघर पहिला महिना भिंतीतून यायची, मध्ये रबराचा जॉइंट टाकल्यावर थांबली. फॅन चोवीस तास चालू, त्यामुळे विजेचा खर्च कायमचा. मीटरला स्क्रीनमागे लाइट नाही, ॲप आठवड्यातून एकदा तरी कनेक्शन तोडतं, आणि अलार्म रात्री तीनला वाजवायची त्याला फार हौस.

आता कोणी म्हणेल थंडी संपली म्हणून आकडा उतरला असेल. मला पण तीच शंका होती, उन्हाळ्यात तसाही कमीच असतो. पण मध्ये आम्ही चार दिवस बाहेर गेलो आणि फॅनचं सर्किट ट्रिप झालं. पाइपवर यू आकाराची नळी असते, रंगीत द्रव वर-खाली दिसला की ओढ चालू आहे, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की फॅन बंद. ती बघायला घरी कोणी नव्हतंच. आल्यावर ॲपमध्ये ग्राफ बघितला तर ३६ वरून चढत चढत २१०, भर उन्हाळ्यात.

बाबा आता सकाळी चहाच्या आधी ती नळी बघून येतात आणि वर येऊन "ओढतोय" एवढंच सांगतात.