टेली-मानस १४४१६ : बंदोबस्तावरच्या पोलिसाला कितपत उपयोगी?

नाशिकच्या रामकुंडावर बंदोबस्तात बारा-चौदा तास उभं राहून दुखलेले पाय रात्रीच्या झोपेने उतरतात. पण झोप होऊनही वर्दी चढवायचं जिवावर येतं, समोरचा तक्रारदार माणूस न वाटता कटकट वाटतो, तेव्हा तो थकवा निराळा. त्याला भावनिक थकवा म्हणतात, आणि तिथे टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर खरोखर कामाचा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. रात्रपाळीवाल्यासाठी हे फार मोलाचं, कारण ओपीडीच्या वेळेत तो झोपलेला असतो.

फोन ठाण्यातून किंवा बराकीतून मात्र करू नका. वायरलेस खरखरत असतो, कानाशी सहकारी असतो, आणि माणूस "तसं काही नाही" म्हणून ठेवून देतो. स्वतःच्या मोबाईलवरून, अर्धा तास मोकळा ठेवून बोला. बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) सांगायची गरज नाही. सुरुवातीलाच सांगा: आठवड्यात झोप किती झाली, साप्ताहिक सुट्टी कधीपासून नाही, दारू वाढली का, जीव द्यायचे विचार येतात का. हे शेवटचं लपवलं तर सगळा सल्लाच चुकतो. तसे विचार येत असतील तर पिस्तूल जवळ ठेवू नका. विश्वासातल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन शस्त्रागारात जमा करा आणि लगेच फोन लावा.

उणीव एकच, पण मोठी. ड्युटी लावणारा माणूस या फोनवर नसतो. एकाला महिन्यात तिसऱ्यांदा रात्रपाळी आणि दुसरा कायम बारनिशीत (टपालाच्या टेबलावर), हे समुपदेशकाला बदलता येत नाही. अवघड ड्युटी माणूस सोसतो. ती आपल्यालाच का, हे कुणी सांगत नाही, ते सोसवत नाही. वरून हजेरीत चारचौघांत पाणउतारा झाला तर फोनवर मिळालेला धीर दुसऱ्या दिवशीच ओसरतो.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी ठाण्यात १४४१६ चा कागद लावणारे अधिकारी असतील, त्यांनी शेजारी आणखी एक तक्ता लावावा: प्रत्येकाच्या महिन्यातल्या रात्रपाळ्या, रद्द झालेली सुट्टी, रद्द करण्याचं कारण आणि बदली सुट्टीची तारीख. ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मास्तरने तो दर सोमवारी सगळ्यांसमोर भरावा.