काखा सुटल्या, हनुवटी अडून बसली: लेझरचे नऊ महिने

काखा आणि हनुवटी, दोन्हीकडचे केस घालवायला दादरच्या एका क्लिनिकमध्ये डायोड लेझर घेतेय. काखांच्या सहा सिटिंग झाल्या, हनुवटीच्या नऊ.

दुखतं का? ताणलेलं रबरबँड सोडल्यासारखा चटका बसतो. काखेत जास्तच. गार जेल, डोळ्यांवर गॉगल आणि जळक्या केसांचा वास. केसांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या दिसल्या, संध्याकाळपर्यंत बसल्या.

पहिल्या सिटिंगनंतर दहाव्या दिवशी केस वाढलेले दिसले आणि मी क्लिनिकला फोन करून भांडले. ते वाढत नव्हते, गळत होते. टॉवेलने पुसलं की मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके.

आदल्या दिवशी रेझर फिरवायचा, पण वॅक्स-थ्रेडिंग बंद. लेझरची उष्णता केसाच्या काळ्या रंगातून मुळापर्यंत जाते, मूळच उपटलं तर पकडणार काय? पांढऱ्या केसांवर चालत नाही तेही म्हणूनच. आईला मात्र हनुवटीला ब्लेड लावणं अजून पटलेलं नाही. "दाढी करतेस की काय?"

मे महिन्यात दुपारी सिटिंग घेऊन तशीच डोंबिवली स्लो लोकल पकडली, हा माझा गाढवपणा. घाम आणि घट्ट कुर्ता, ठाण्यापर्यंत काखा नुसत्या चरचरत होत्या. आता संध्याकाळचीच वेळ घेते, सैल सुती घालते, दोन दिवस डिओ नाही. अलिबागहून रापून आले तेव्हा त्यांनी सिटिंग पुढे ढकलली. राग आला, पण बरोबर होतं, काळवंडलेल्या कातडीवर भाजण्याची भीती जास्त. आपल्यासारख्या सावळ्या रंगाला मशीन कुठलं, हे आधी विचारा. एनडी-याग हे दुसऱ्या प्रकारचं लेझर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतं आणि गडद त्वचेला जास्त सुरक्षित असतं. टेस्ट पॅचशिवाय, म्हणजे आधी थोड्याशा कातडीवर करून पाहिल्याशिवाय, हो म्हणू नका.

माझी खरी तक्रार हनुवटीची. मला पीसीओडी (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा त्रास) आहे, फॉर्मवर लिहून दिलं होतं. तरी हार्मोन्समुळे नवे केस येत राहतील, हे क्लिनिकने पाचव्या सिटिंगला सांगितलं. पहिल्या दिवशी सगळा जोर 'फुल बॉडी'चं पॅकेज विकण्यावर. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले असते, तर निदान अपेक्षा तरी बेताच्या ठेवल्या असत्या.

काखेत आता चार-पाच बारीक केस येतात, महिन्यातून एकदा रेझर पुरतो. 'कायमचे गेले' मात्र म्हणणार नाही. हनुवटीचे विरळ झालेत, मऊही, पण ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात हात अजून तिथेच जातो. दहावी सिटिंग पुढच्या शनिवारी.